राणीच्या हातात काय द्यायचं?

एखाद्या चित्राची फाइल चार ठिकाणी सेव्ह करा, नेमकी हवी तेव्हा ती उडते. पण कुणाची फजिती झाली, तर ती कुठेही सेव्ह करावी लागत नाही! आमच्या अमरावतीच्या स्टुडिओत अशा फजित्यांचा नुसता ढीग पडलाय. धंदाच तसा आहे. आम्ही व्हिडिओ गेमसाठी शस्त्रांची चित्रं काढतो. जगात कुठेच नसलेली, पण बघताच खरी वाटावीत अशी शस्त्रं.

माणसं आम्ही चारच. स्टुडिओचे मालक सर, अकोल्याहून रोज रेल्वेने शेजारच्या बडनेऱ्याला उतरणारा नीलेश, चांदूर रेल्वे गावची पल्लवी आणि मी. आमच्यातला खरा हात पल्लवीचा. हे मी तिच्यासमोर कधी कबूल केलेलं नाही.

*

आमचं काम पास करायच्या परदेशातल्या गेम कंपनीच्या हेल्गा मॅडम. त्यांचा एकच प्रश्न, "हे पटतं का?"

त्यांच्या गेममध्ये राणी सात मजली घुबडावर बसून फिरते. ते पटतं! नदी आकाशाकडे वाहते, तेही पटतं! पण मी राणीसाठी काढलेल्या तलवारीच्या पट्ट्याला भोकं नव्हती. मॅडम म्हणाल्या, "मग राणी हा पट्टा बांधते कसा?" तलवार नापास.

पुढे नीलेशचा परशूही नापास झाला. मग मॅडमनी सांगून टाकलं, की राणीचं तिसरं हत्यारही नाही पटलं तर काम पुण्याच्या स्टुडिओला जाईल. म्हणजे आमच्या स्टुडिओला टाळं. नीलेश आणि मी पुण्यात कुठेतरी चिकटलो असतो. पल्लवीच्या घरून मात्र स्पष्ट निरोप होता, "अमरावतीपर्यंत ठीक हाय. त्याच्या पुढं नाई." तिसरं हत्यार तिच्याकडेच होतं. खरं सांगतो, त्या महिन्यात मला जेवण गोड लागत नव्हतं.

*

सरांनी नियम काढला, की आधी धरून दाखवा, मग चित्र काढा!

मी राणीच्या सैनिकांसाठी दोन्ही टोकांना काटे असलेली गदा सुचवली होती. सरांनी झाडूच्या दांड्याला पुठ्ठ्याचे काटे बांधले आणि म्हणाले, "घ्या खांद्यावर. शत्रू त्या खिडकीपाशी उभा आहे. जा."

दोन पावलांत मागचे काटे माझ्या शर्टात अडकले. ते सोडवायला वळलो तर पुढचे काटे कानात. सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं, 'वीर घरातच जखमी.'

*

या नियमापायी, आपला परशू कुठे चुकला ते बघायला, नीलेश एकदा लाकडी परशू घेऊन रेल्वेत बसला. बडनेऱ्याला उतरताच एका पोलिसाने त्याला बाजूला घेतलं.

"काय हाय हे?"

"नकली हाय साहेब. गेमसाठी बनवून राह्यलो."

पोलिसाने परशू हातात घेतला, वरखाली केला, हवेत एक वार काढला.

"नकली हाय ते दिसूनच राह्यलं," पोलीस म्हणाला. "दांडा शेवटाले जाड पाह्यजे ना बाप्पा! पयल्याच घावाले हातातून सुटन हे. जा, नीट करून आन."

त्याला सोडून दिलं याचं नीलेशला काहीच वाटलं नाही. तो दिवसभर एकच धरून बसला, "मॅडमनं नापास केलं तं केलं, आता पोलीसही नापास करून राह्यले!"

*

पल्लवीच्या बाबांचा भाजीचा मळा आहे. बाजारात माल घातला की ते पालकाची जुडी घेऊन स्टुडिओत येतात आणि नीलेशच्या खुर्चीमागे उभे राहतात. नीलेश त्यांना फार घाबरतो.

एकदा स्क्रीनवर त्याचा विळा होता. निळ्या ज्वाळा, साखळ्या, मुठीवर कवटी.

"येले धार कोठून लावता?" बाबांनी विचारलं.

"धार लावा नाई लागत, काका. जादूची हाय. कधीच जात नाई."

बाबांनी स्क्रीनवरच्या पात्यावरून अंगठा फिरवून पाहिला. मग अगदी काळजीने म्हणाले, "मंग लोहारानं काय खावाचं?"

त्याच आठवड्यात नीलेशने गेममधल्या गावात गुपचूप एक लोहाराचं दुकान काढलं.

*

मग मॅडमना शस्त्रांवर गंज हवा होता. "तुमची सगळी शस्त्रं कालच विकत आणल्यासारखी दिसतात," त्या म्हणाल्या.

नीलेशने नवा कोरा विळा आणला आणि मिठाच्या पाण्यात बुडवून गच्चीवर ठेवला. आठ दिवस आम्ही रोज जाऊन त्याचे फोटो काढत होतो. सर तर पाहुण्यांनाही वर नेऊन तो दाखवायचे. नवव्या दिवशी गंज असा काही चढला, की चौघेही खूश! जेवून आलो की शेवटचे फोटो घ्यायचे, असं ठरलं.

जेवून आलो, तर गच्चीवर बाबा मांडी घालून बसलेले. समोर दगड, हातात विळा. विळा आरशासारखा लखलखत होता.

"कोन ठेवला होता हा असा?" त्यांनी दरडावून विचारलं. "अवजाराची अशी दशा करतात का?"

सर म्हणाले, "चुकलं."

*

आता तिसरं हत्यार. पल्लवीने राणीसाठी भाला काढला होता. देखणा, पट्ट्यासकट, गंजासकट. सरांच्या नियमाप्रमाणे त्याआधी तिने हाताची ठेवण बघायला एक कच्चं चित्र काढलं होतं. त्यात राणीच्या हातात तिच्या घरचा झेला होता. झेला म्हणजे आंबे उतरवायची लांब काठी. टोकाला वाकडं पातं, खाली जाळीची पिशवी. देठ कापला की आंबा जाळीत.

नीलेशने घाईघाईत मॅडमना पाठवलं ते हे चित्र.

आम्हाला ते कळलं थेट मीटिंगमध्ये, स्क्रीनवर राणी झेला घेऊन उभी राहिली तेव्हा. नीलेशने डोळे मिटून घेतले. पल्लवी खाली मान घालून बसली. मला तिच्याकडे बघवेना.

आणि हेल्गा मॅडम चक्क हसल्या! "अखेर! हे हत्यार कुणीतरी खरंच रोज वापरतं. कुठे धरायचं, पातं कसं ओढायचं, सगळं पटतं. पास!"

सर "थँक यू, थँक यू" म्हणत राहिले.

"फक्त एक दुरुस्ती," मॅडम म्हणाल्या. "ती जाळी काढा. हत्याराला जाळी कोण लावतं? तेवढं पटत नाही."

"येस मॅडम, लगेच काढतो!" सर म्हणाले.

तेवढ्यात पल्लवीने माइक सुरू केला. दोन वर्षांत तिने मीटिंगमध्ये तोंड उघडलं नव्हतं.

"जाळी राहील," ती इंग्रजीत म्हणाली.

सरांनी टेबलाखालून माझ्याच पायावर पाय दिला. स्क्रीनवरचं हसू गेलं.

"का?" मॅडमनी विचारलं.

पल्लवीने शांतपणे सांगितलं, "कापलेलं खाली पडू द्यायचं नसतं, मॅडम. आपटलं की खराब होतं. घरी न्यायचं असतं ना."

मॅडमनी चित्र मोठं केलं. आधी राणीचा चेहरा बघितला, मग वाकडं पातं, मग जाळी. जाळीचा घेर त्यांनी राणीच्या डोक्याशी ताडून पाहिला.

"जाळी राहू द्या," शेवटी त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हा गेम आम्ही बारा वर्षांच्या मुलांसाठी करत होतो. आता 'अठरा वर्षांवरील' असं लिहावं लागेल."