पाय न पडणारं अंगण

एकही पोर रंगावर पाय ठेवायला तयार नव्हतं. तळवड्यातल्या त्या अंगणवाडीच्या अंगणात मी रंगवलेला लांबलचक साप, उड्या मारायचे चौकोन, मधोमध आठ पाकळ्यांचं फूल, सगळं लखलखत होतं. आणि पोरं भिंतीला पाठ घासत, रंग चुकवत आत जात होती.

माझा धंदा फ्लोअर मार्किंगचा. चाकणच्या कंपन्यांत जमिनीवर पिवळे पट्टे असतात ना, माणसांनी इथून चालायचं, माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाडीने तिथून, ते आम्ही मारतो. एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी ठेवलेल्या पैशातून, हे काम दिलं होतं. जमिनीवर आकृत्या दिसल्या की लहान मुलं आपसूक धावतात, उड्या मारतात, असा त्यामागचा विचार. पाय घसरू नयेत म्हणून रंगात मी बारीक वाळूही मिसळली होती. इथे पायच पडत नव्हता.

गरज तर खरी होती. आईबाप शिफ्टला, घर म्हणजे एक खोली, बाहेर टेम्पोंची वर्दळ. धावायला जागा म्हणून एवढंच अंगण, आणि तेही तात्यांचं. तात्या म्हणजे शेजारच्या चाळीचे मालक, मूळ गावातले. भाडेकरूंच्या बाइक लावायला त्यांना जागा हवी होती. पोरं नुसती आतच बसणार असतील तर सोमवारपासून इथे गाड्या लागतील, असं त्यांनी अंगणवाडीच्या शोभाताईंना बजावलं होतं. आज ते स्वतः बघायला आले होते. अंगणाच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते.

"खेळत्यात कुठं?" तात्या म्हणाले. "रंग वाया गेला तुमचा, पेंटर."

शोभाताईंनी आरोही नावाच्या एका मुलीला जवळ घेतलं आणि फुलावर का जात नाहीस, असं विचारलं.

"रांगोळीवर पाय देऊ नाही," ती म्हणाली. "मम्मी रागावती."

मी कपाळावर हात मारून घेतला. पांढरी किनार, आत रंग, मध्ये फूल. हौसेच्या भरात मी अंगणभर रांगोळीच काढून ठेवली होती. आणि रांगोळी तुडवायची नाही, हे तर ही पोरं चालायला लागल्यापासून ऐकत आलेली. हा पेंट आहे, पुसत नाही, असं मी परोपरीने सांगितलं. चार वर्षांच्या माणसाची समजूत घालणं कंपनीच्या ऑडिटरपेक्षा अवघड निघालं.

शोभाताईंनी चप्पल काढली, पदर खोचला, आणि रिटायरमेंटला आलेल्या त्या बाईने दोन्ही पायांनी थेट फुलात उडी मारली. फूल फिसकटलं असणार म्हणून पोरं त्यांच्या पायांकडे बघत होती. ताईंनी पाय उचलून दाखवला. फूल जसंच्या तसं होतं.

आरोहीने अंगठा टेकवला, मागे घेतला, रंग लागलाय का ते निरखून बघितलं. मग एक पाय. मग दोन्ही. मग उडी.

पुढचं मी आ वासून बघत राहिलो. आजवर माझे पट्टे माणसांना अडवायलाच असायचे. इथे उभे राहा, पलीकडे जाऊ नका. आता माझ्याच पट्ट्यांवरून पोरं सुसाट सुटली होती. सापाच्या शेपटीकडून तोंडाकडे जायचं असं मी ठरवलं होतं, तर ती तोंडातून शिरून शेपटीतून बाहेर पडत होती. चौकोनांत कोणी बिऱ्हाड थाटलं. एक जण दोन्ही हात पुढे धरून, 'पीं पीं' करत उलटा चालत होता. तो फोर्कलिफ्ट होता. यातलं काहीही मला सात जन्मांत सुचलं नसतं.

फोर्कलिफ्ट मागे येत येत तात्यांच्या खुर्चीला धडकला. त्याने वळून बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"आजोबा, उठा. हितं पार्किंग न्हाई."

तात्या उठले, खुर्ची उचलून भिंतीपाशी नेली आणि जाता जाता शोभाताईंना म्हणाले, "गाड्यांचं बघू दुसरीकडं कुठंतरी."

त्यानंतर अशी बरीच अंगणं रंगवली. आता फूल काढायचं असेल, तर पहिली उडी कोण मोठं माणूस मारणार, ते आधी ठरवून घेतो.