मालगाडी गेल्यावर

जुन्या इंग्रजी रॉक बँडची एक रेकॉर्ड नव्याने छापून आली, ती मी मागवली. तिचीच मूळ रेकॉर्ड भुसावळला एका निवृत्त रेल्वे गार्डांकडे, नानांकडे आहे असं कळलं, म्हणून दोन्ही लागोपाठ ऐकायला मी जळगावहून गेलो.

घर रुळांना लागूनच होतं. नानांनी आधी माझी रेकॉर्ड लावली आणि डोळे मिटले. मालगाडीची धडधड ऐकू येताच त्यांनी न बघता सुई उचलली. शेवटचा डबा गेल्यावर पुन्हा अलगद टेकवली. घर हादरलं की सुई घसरून रेकॉर्डवर चरा पडतो, म्हणून ही सवय.

मग त्यांची लावली. खरखर होती, पण आवाज जास्त भरलेला वाटला. तिसऱ्या गाण्यात मात्र एकच ओळ अडकून फिरायला लागली.

"इथं एकदा सुई उचलायची राहिली," ते म्हणाले. "बायको कणकेच्या हातानं धावली, पण गाडी आधी आली. मग दरवेळी इथं अडली की तीच येऊन बोटानं पुढे ढकलायची. गेल्या साली ती गेली."

मी विचारलं, "नाना, नवी कशी वाटली?"

"नवीमा गाणं बठ्ठं शे, पुरंच्या पुरं," ते अहिराणीवर येत म्हणाले. "आमनं घर नही शे त्यामा."

ओळ फिरतच होती. सुई पुढे ढकलायला मी उठलो, तर त्यांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं.