राहू दे, की टाकून दे?

ओसाकातल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानांची वाट सुमिए किताबाताकेला कुणी विचारावी आणि तिने ती अचूक सांगावी. पण आत काय आहे असं विचारलं असतं, तर तिला एका दुकानाचंही सांगता आलं नसतं.

नवरा आत आणि ही बाहेर, हा लग्नापासूनचा शिरस्ता. रविवार उजाडला की यासुओकी कुठल्यातरी अंधाऱ्या जिन्यात शिरायचा नाहीतर तळघरात उतरायचा आणि सुमिए त्याची छत्री सांभाळत फुटपाथवर थांबायची. त्यामुळे तिच्या डोक्यातला शहराचा नकाशाच वेगळा होता. उमेदा भागातलं दुकान म्हणजे ज्याच्या समोर उदोनच्या जाड शेवयांच्या रश्शाचा वास येतो ते. अमेरिकामुरातलं म्हणजे जिथे नाणं टाकून पेय देणाऱ्या यंत्राला पाठ टेकता येते ते. नाकाझाकीचं म्हणजे जिथलं मांजर पिशवीत तोंड घालतं ते. बाई तासन् तास उभी राहायची, पण आत जायची नाही. कारण सुमिए जन्माची भित्री. लिफ्टला भ्यायची, टेलिफोन वाजला की भ्यायची, शेजारीण आज हसली नाही म्हणूनही भ्यायची. त्या अरुंद जिन्यांवर केस पिंजारलेल्या पोरांची पोस्टरं, आतून येणारा धडधडाट.

लग्नानंतर एकदा धीर करून तिने विचारलं होतं, "मी पण येऊ का आत?"

"होत्तोइते," यासुओकी म्हणाला. राहू दे. तिने ते जे राहू दिलं, ते कायमचं.

हा शब्द जरा समजून घ्यायला हवा, कारण सगळं रामायण त्यानेच घडवलं. ओसाकात 'होत्तोइते' म्हणजे 'राहू दे'. आणि ओसाकातच 'होत्तोइते' म्हणजे 'टाकून दे'. भांडण चाललं असेल तर 'मला एकटं सोड'सुद्धा. आवाज कुठे चढला आणि कुठे उतरला, यावरून इथल्या माणसाला अर्थ कळतो. इथल्या बायका नवऱ्याच्या पुऱ्या वाक्याकडे लक्ष देत नाहीत. आवाजाच्या चढउतारावर संसार करतात.

वसंतात यासुओकीला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आयुष्यभर लेथ मशीनवर काम केलेला, कुणाला न बधणारा माणूस, हॉस्पिटलच्या खाटेवर नुसता बघत पडून राहायला लागला. मग एका सकाळी त्याच्या तोंडातून एक शब्द बाहेर पडला. कुठला, ते सांगायला नकोच.

बोलायला शिकवणारी बाई खूश झाली. "एक शब्द आला ना, त्याचं बोट धरून बाकीचे येतील. फक्त त्यांचं मन मोडू देऊ नका. अशी माणसं मनातून खचली ना, की तो एक शब्दही जातो. मग ती गप्प बसली की बसली."

सुमिएने मान हलवली आणि ते वाक्य घरी घेऊन गेली. त्या दिवसापासून तिला दुसरं काही ऐकूच येईना.

यासुओकीला घरी आणायचं ठरलं. फुसे उपनगराच्या गल्लीतलं ते घर एवढंसं. हॉस्पिटलसारखी खाट मावायची तर भिंतीतलं कपाट रिकामं करायला हवं होतं. कपाटात तळाशी संत्र्यांचं एक जुनं खोकं निघालं, निळ्या दोरीने करकचून बांधलेलं. फटीतून बघितलं तर आत लहान रेकॉर्डी. बाकीच्या सगळ्या रेकॉर्डी भिंतीवर मांडून ठेवणाऱ्या माणसाने हे एकच खोकं असं का कोंबून ठेवलं, हे तिला कळेना. संध्याकाळी हॉस्पिटलात तिने विचारलं, "कपाटातल्या त्या संत्र्याच्या खोक्याचं काय करू?"

"होत्तोइते," तो म्हणाला.

तिने टाकून दिलं. गल्लीत भंगारवाल्याची छोटा ट्रक यायचा, भोंग्यावर गोड आवाजात टीव्ही, पंखे, सायकली मागत. त्यावर तिने स्वतः खोकं चढवलं. कपाट मोकळं झालं म्हणून तिला बरंसुद्धा वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी यासुओकीने पुडिंग अर्धवट खाऊन चमचा ठेवला. "उचलू का?" सुमिएने विचारलं. "होत्तोइते." तिने कप कचऱ्याच्या डब्यात टाकला. यासुओकी डब्याकडे बघतच राहिला. डावा हात गादीवर आपटत म्हणाला, "होत्तोइते! होत्तोइते!" आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर खायचं म्हणून त्याने ते ठेवलं होतं.

पुडिंगचं काही नाही, दुसरं आणता येतं. पण त्याचा आवाज सपाट झाला होता. चढ नाही, उतार नाही. 'राहू दे' आणि 'टाकून दे' दोन्ही आता एकसारखेच. मग खोकं?

घरी जाताना तिच्या डोळ्यांपुढे सगळं यायला लागलं. तो घरी येणार, कपाट उघडणार, खोकं नाही हे बघणार. मग डोळ्यांत पाणी येणार, आणि तो एक शब्दसुद्धा जाणार. पुढचं तिला बघवेना. ही गप्पगप्प खोली, हा माणूस आणि आपण, मरेपर्यंत. जेवण तिच्या घशाखाली उतरेना.

ट्रक पुन्हा गल्लीत येईपर्यंत ती भोंग्याच्या आवाजासाठी कान टवकारून बसली. ट्रक आला तशी ती सपाता घालूनच धावली.

"कुठलं खोकं, आई?" ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला. "हां, रेकॉर्डी! त्या मी जुन्या मालाच्या बाजारात दिल्या. तिथून कुठल्यातरी दुकानवाल्याने उचलल्या असतील. उमेदा, नाम्बा, कुठेही. जाऊन विचारा ना."

"आत जाऊन?"

"मग काय, रस्त्यावरून हाका मारणार?"

दुसऱ्याच दिवशी ती अमेरिकामुरातल्या त्या पेयांच्या यंत्रापाशी उभी राहिली. सवयीने पाठ टेकली. हातात यासुओकीचा फोटो होता, कारखान्याच्या सहलीतला. जिना समोरच. तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मागे घेतला. वरून ढोल बडवल्यासारखं काहीतरी चाललं होतं. "चल बाई," ती स्वतःलाच म्हणाली, "तुझ्याच हाताने घालवलंयस." कठडा धरून, जीव मुठीत घेऊन ती तिसऱ्या मजल्यावर पोचली.

गल्ल्यावर ओठात कडी घातलेली एक मुलगी होती. सुमिए तिच्या ओठाकडे न बघायचा प्रयत्न करत म्हणाली, "माफ करा हं, एक विचारायचं होतं. संत्र्याच्या खोक्यात भरलेल्या रेकॉर्डी इथे आल्या का?"

मुलगी हसली. "आई, ओसाकातल्या निम्म्या रेकॉर्डी संत्र्याच्याच खोक्यातून येतात. काय होतं त्यात?"

"ते मला माहीत नाही."

"गाणारा कोण?"

"तेही नाही." सुमिएला रडूच यायला लागलं. तिने नुसता फोटो पुढे केला.

"अय्या! हे तर होत्तोइते-सान!" मुलगी ओरडली, आणि मग जीभ चावली. "म्हणजे, आम्ही म्हणतो तसं. काय शोधताय विचारलं की एकच उत्तर, 'होत्तोइते'. दिसले नाहीत बऱ्याच दिवसांत. बरे आहेत ना?"

"बरे आहेत," सुमिए घाईघाईने म्हणाली. खोटं बोलताना तिचे कान तापले. "काय घ्यायचे ते?"

"जुन्या गावठी लोकगीतांच्या कप्प्यात हात घालायचे, तेवढंच. मला कधी दाखवलं नाही. उमेदाच्या निशिवाकी-सानना विचारा. ते त्यांना जास्त ओळखतात."

सुमिए जिना उतरली आणि तिला नवीनच भीती वाटायला लागली. आपण बाहेर उभ्या असताना आत या माणसाला एक वेगळं नाव होतं. एक वेगळा कप्पा होता. इतकी वर्षं तो तिथे काय करत होता? एखाद्या बाईचा आवाज असेल का त्या रेकॉर्डींवर? खोकं सापडलं नाही तर तो गप्प होईल ही भीती होतीच. आता सापडलं तर काय निघेल, हीही आली. तरी ती उमेदाला जाणाऱ्या गाडीत बसली. घरी जाऊन बसणं त्याहून भयंकर होतं.

स्टेशनसमोरच्या त्या इमारतीच्या तळघरात उदोनचा वास तसाच येत होता. निशिवाकी गळ्यात पंचा अडकवून रेकॉर्ड पुसत बसला होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला. त्याने मान वर केली नाही. सुमिएने फोटो ठेवला. त्याचा पुसणारा हात थांबला. तो उठून उभा राहिला आणि एकदम वाकून नमस्कार करत म्हणाला, "फार वाईट झालं, आई. कधी गेले?"

सुमिएने फोटो ओढून घेतला. "कोण गेलं? हॉस्पिटलात आहेत ते!"

"जिवंत आहेत?" निशिवाकी मटकन खाली बसला. "अरे बापरे! अहो, जुन्या मालाच्या बाजारात ते खोकं दिसलं तेव्हाच मी समजलो की माणूस गेला. हा गृहस्थ जिवंतपणी ते हातचं सोडणं शक्य नाही. इथे आणून उदबत्तीसुद्धा लावली मी." तो वाकला आणि गल्ल्याखालून त्याने खोकं ओढलं. तीच निळी दोरी. "विकवेना मला."

सुमिएने खोक्यावर दोन्ही हात ठेवले. "काय आहे यात?"

"तुम्हाला माहीत नाही?" निशिवाकीने दोरी सोडली. खोकंभर एकच रेकॉर्ड होती. पुन्हा पुन्हा तीच. कव्हरवर योदो नदीच्या काठी गिटार घेऊन बसलेला, केस वाढवलेला एक काटकुळा पोरगा. कान मात्र यासुओकीचे. "लग्नाआधी स्वतःच काढलेली. कुत्रं विचारीना. मग फुकट वाटली, आणि ज्यांना वाटली त्यांनी ती जुन्या बाजारात घातली. तेव्हापासून हा गृहस्थ दुकानोदुकानी फिरतोय, एकेक परत विकत घेत. कुणी ऐकू नये म्हणून! गंमत बघा, यांनीच सगळ्या उचलल्या म्हणून ती दुर्मिळ झाली आणि लोक शोधायला लागले. मी म्हटलं, एवढी वाईट आहे का हो? तर म्हणतात—"

"होत्तोइते," दोघं एकदम म्हणाली.

सुमिएला हसू आलं आणि तिथेच विरलं. हा माणूस गायचा? कराओकेला सगळा कारखाना गळा काढायचा तेव्हा हा शेंगा सोलत बसायचा. ती विचारात असतानाच निशिवाकीने सुई टेकवली. एक किनरा, नाकातला, कोवळा आवाज म्हणाला, 'भोंगा झाला, चल घरी जाऊ.'

"बंद करा!" सुमिए किंचाळली. तिला तो आवाज ओळखू आला होता. वसंतापासून तो असा तिने ऐकला नव्हता, आणि तो कसा होता हे ती विसरत चालली होती. गेलेल्या माणसाचा आवाज ऐकावा तसं तिला वाटलं. निशिवाकीने सुई उचलली, खोकं पुन्हा बांधलं आणि जिन्याच्या तोंडापर्यंत स्वतः आणून दिलं. "ते बरे झाले की दोघं या," तो म्हणाला. "आणि आई, तुम्ही आत या."

यासुओकी घरी आला त्या दुपारी खोकं कपाटात जिथल्या तिथे होतं. सुमिएने मुद्दाम दार उघडं ठेवलं होतं. खाटेवर टेकताच त्याची नजर तिकडे गेली आणि खिळून राहिली.

"होत्तोइते," तो म्हणाला. सपाट.

खोकं मिळालं की भीती जाईल असं तिला वाटलं होतं. भीती काही गेली नाही. त्याच्या चेहऱ्याचं अर्धं अंग हलतच नव्हतं. राग, लाज, आनंद, काही वाचता येईना. पुडिंग टाकलं तेव्हासारखी चूक पुन्हा करण्याची तिच्यात ताकद नव्हती. ते गाणं ऐकून तरी त्याचा आवाज चढेल-उतरेल, म्हणून तिने दोरी सोडली, एक रेकॉर्ड काढली आणि आयुष्यात कधी हात न लावलेल्या त्याच्या प्लेअरवर ठेवली. सुई खर्रकन घासली गेली. मग तो कोवळा पोरगा गायला लागला.

यासुओकी कानशिलांपर्यंत लाल झाला. डावा हात जोरजोरात हलवत म्हणाला, "होत्तोइते! होत्तोइते!" सुमिए सुई उचलायला धावली. आपण त्याला मारतोय असंच तिला वाटलं. आणि तिचा हात पोचायच्या आत मागून आवाज आला.

'भोंगा झाला,' यासुओकी गात होता, 'चल घरी जाऊ.'

जाडसर, घोगरा, बेसूर. पण एकामागून एक शब्द. तोंड वाकडं, डोळे घट्ट मिटलेले, आणि कडवंच्या कडवं बाहेर येत होतं. सुमिए वळली नाही. वळले तर थांबेल, हलले तर थांबेल, अशा भीतीने ती फक्त त्या सुईकडे बघत राहिली. सुई मधल्या कागदाकडे सरकत होती. गाणं संपलं की शब्दही संपणार. गाणं संपलं. नुसती खरखर उरली.

यासुओकीने डोळे उघडले. रेकॉर्डकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं.

"होत्तोइते," तो म्हणाला.

आवाज चढला आणि उतरला, पूर्वीसारखा, अस्सल ओसाकातल्या माणसाचा. शंकेला जागाच नव्हती. टाकून दे. त्या दिवशी हॉस्पिटलातही तो हेच म्हणाला होता. तिने तेव्हा बरोबरच ऐकलं होतं. ते जिने, ते खोटं, ते न उतरलेलं जेवण, सगळं फुकट होतं.

सुमिए खाली बसली. तिला रडायला आलं, आणि हसायलाही. मग ती उठली आणि नवऱ्याकडे तोंड करून म्हणाली, "नाही टाकणार."

तो बघतच राहिला. भीतभीतच तिने सुई उचलली आणि परत सुरुवातीला ठेवली.