उंबरटेपची एका रविवारची लोकसंख्या

मी शाळेत भूगोल शिकवते आणि माझी गाडी आमच्याच गावात उभ्या जागेवरून खाचरात गेली, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, असं मी अजूनही सगळ्यांना सांगते. कुणी ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी.

आमचं, म्हणजे माझ्या सासरचं, गाव उंबरटेप. कर्जतहून कोंडाण्याच्या लेण्यांकडे निघालं की एक फाटा डोंगराकडे चढतो, तो जिथे दमतो तिथे आमचं गाव. खाली भाताची खाचरं, वर रान आणि मधल्या उतारावर जमेल तशी घरं. पुस्तकात मी याला ‘विखुरलेली वस्ती’ म्हणते. पण उंबरटेपची वस्ती इतकी विखुरली, की ती थेट नेरळ-बदलापूरपर्यंत गेली! गावात उरली म्हातारी माणसं, शेळ्या आणि दारांना कुलपं. आम्हीही त्यातलेच. माझा नवरा सुहास आणि मी शेलूला नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो.

गावात राहतात माझे सासरे आप्पा आणि सासूबाई. गेल्या पावसाळ्यात सासूबाई तापानं फणफणल्या. वाहन मिळेना, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून फाट्यापर्यंत उचलून नेलं. त्या दिवशीच सुहासनं निकाल देऊन टाकला.

“बास झालं आप्पा. दोघांनी शेलूला यायचं.”

“मी नाय येनार.”

“आणि आईला परत काही झालं तर?”

आप्पांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, “गावात यष्टी आली तर मी हितंच ऱ्हानार. फुडच्या पावसाच्या आत नाय आली तर येतो तुज्या चौथ्या माळ्यावर. झालं?”

ते ‘झालं’ त्यांनी जन्मठेपेला होकार द्यावा तसं म्हटलं. कारण एकदा ते आमच्याकडे आठवडाभर राहून गेले होते. लिफ्टला नमस्कार करून आत शिरायचे. बाकी दिवसभर गॅलरीत उभे. येईल त्याला लांबचा डोंगर दाखवायचे. “त्याच्या मागं हाय आपलं गाव.” पाहुण्यांना दाखवायचे, दूधवाल्याला दाखवायचे, एकदा तर चुकून आमच्या मजल्यावर आलेल्या परक्या माणसालाही दाखवलं! ते बघून माझा जीव तुटायचा. त्यामुळे गावात बस यावी असं मला अगदी मनापासून वाटत होतं. (गॅलरी मला कपडे वाळत घालायला लागते, हा त्यातला अगदी लहान भाग.)

आप्पांनी अर्ज केले, डेपोत खेटे घातले. शेवटी एका साध्या वारी एक साहेब गाव बघायला आले. त्यांना देवळाच्या पारावर आप्पा दिसले, आणि शेळ्या.

“माणसं कुठायत?” साहेबांनी विचारलं.

“जेवायला गेलीत.”

“सगळी?”

“हां साहेब. आमी एकदमच जेवतो.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. जेवायची वेळ होऊन बराच काळ लोटला होता. पण माणूस भला असावा. म्हणाले, “रविवारी परत येतो, बस घेऊनच. देवळापुढे ती वळते का तेही बघू. पण माणसं दिसली पाहिजेत हां!”

त्याच संध्याकाळी आप्पांचे घरोघरी फोन गेले. “रविवारी समद्यांनी या. कुलपं काढा, चुली पेटवा. आन्‌ ती काळी चष्मी घालून येऊ नका!” आणि या सगळ्या लोकसंख्येची व्यवस्था त्यांनी माझ्याकडे सोपवली. “तू भूगोल शिकवतेस ना, बाय? मग मानसं कुठं कशी ठेवायची ते तुलाच ठावं!”

आता इतका मान मिळाल्यावर मी मागे हटते की काय! मी शनिवारीच सगळ्यांना फोनवरून तंबी दिली. कुणी विहिरीवर दिसायचं, कुणी गोठ्यात, कुणी ओटीवर. साहेबांनी काहीही विचारलं तरी एकच उत्तर द्यायचं : आम्ही इथेच राहतो. हे उत्तर मी सगळ्यांकडून, वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तसं, म्हणून घेतलं.

रविवार उजाडला आणि उंबरटेपला जत्रा भरली. दारं उघडली, चुली धुरावल्या, सासूबाईंनी हौसेनं पापड लाटायला घेतले. आप्पा नवं धोतर नेसून देवळाकडे गेले आणि तिथून त्यांची जी हाक आली, ती खालच्या फाट्यापर्यंत गेली असेल.

“आरं, ह्यं काय!”

देवळासमोरचं पटांगण गाड्यांनी गच्च भरलं होतं. पांढऱ्या, लाल, करड्या, एक तर शोरूममधला हार अजून गळ्यात असलेली. बस वळायला सोडा, कुत्र्याला अंग टाकायला जागा नव्हती.

“यष्टी मागायला समदे मोटारीनं आलात?” आप्पा कडाडले.

सुहासचा चुलतभाऊ प्रशांत गरीब चेहरा करून म्हणाला, “मग कशानं येणार काका? यष्टी कुठाय?”

“लपवा समद्या!” आप्पा ओरडले. मग जी पळापळ झाली ती विचारू नका! प्रशांतची गाडी गोठ्यात गेली आणि गोठ्यातली म्हैस ओटीवर आली. एक गाडी पेंढ्याच्या उडवीमागे, एक शाळेच्या पडवीत. माझी मात्र कुठेच मावेना. शेवटी मी ती आमच्या घरापुढे, रस्त्याच्या वरच्या अंगाला, उतारावर लावली आणि चाकाला चांगला गोटा लावला. हातब्रेक? गोटा असताना हातब्रेक कशाला! मग गाडीवर जुनी चादर टाकली, आणि तिच्यावर सासूबाईंचे पापड वाळत घातले. लांबून बघितलं तर कुणाच्याही अंगणातलं वाळवण वाटावं. माझं मलाच कौतुक वाटलं.

तेवढ्यात वारा सुटला आणि चादर फडफडायला लागली. पापड उडतील म्हणून मी इकडेतिकडे एखादा जड दगड शोधला. समोरच होता. चाकाखाली. मी तो काढला आणि चादरीच्या टोकावर ठेवला. (समोच्च रेषा जवळजवळ असल्या की उतार तीव्र असतो, हे मी दरवर्षी नववीला शिकवते. परीक्षेत हमखास विचारते.)

गाडी लगेच हलली नाही. माझी फजिती थोड्याशा लोकांपुढे झाली असती तर तिला बहुधा कमीपणा वाटला असता. तिनं बसची वाट बघितली.

बस आली! लाल, धुळीनं माखलेली, रिकामी, पण काय सुंदर दिसत होती! सासूबाईंनी तिला लांबूनच ओवाळलं. ड्रायव्हरनं देवळासमोर एका दमात ती वळवली आणि आप्पांनी त्याचा हातच धरला. साहेब उतरले, गजबज बघून खूश झाले आणि विहिरीवरच्या प्रशांतकडे गेले.

“काय, कामाला कर्जतला जाता का?”

“छे! मी कुठेच जात नाही. इथेच राहतो.”

“बाजाराला वगैरे?”

“नाही. इथेच.”

साहेब पुढच्या ओटीवर गेले. तिथेही तेच. “आम्ही पण इथंच! पिढ्यान्‌पिढ्या!” एका वहिनीला त्यांनी माहेरी कधी जाता म्हणून विचारलं, तर ती बिचारी माझ्याकडे बघत म्हणाली, “मी माहेर सोडलंय.” माझी तालीम इतकी पक्की झाली होती! प्रत्येक उत्तराला मी मान डोलावत होते आणि प्रत्येक उत्तराला साहेबांचा चेहरा उतरत होता. मला काही कळेना.

शेवटी ते आमच्या दारात आप्पांपाशी येऊन थांबले. “आजोबा, गावात कुणीच कुठे जात नाही. मग बस कुणासाठी आणायची?”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला आमची गॅलरी दिसली आणि तिच्यात उभे असलेले आप्पा दिसले. हे सगळं मीच शिकवलं होतं! लोकसंख्या मोजण्याच्या नादात प्रवासी मी विसरूनच गेले होते.

आणि तेव्हाच साहेब माझ्या मागे बघत म्हणाले, “बाई, तुमचे पापड चालले.”

मी वळले. खरंच चालले होते! अगदी शिस्तीत, अंतर राखून, चादरीसकट. आमच्यासमोरून ते वाळवण रस्ता ओलांडून गेलं, चादर वाऱ्यावर उडाली, माझी गाडी उघडी पडली आणि नाकासमोर खालच्या खाचरात घुसली. आता ते खाचर राबाचं. पेरणीआधी पालापाचोळा, शेण घालून भाजलेलं. त्या राखेचा जो लोट उठला, त्यात बस, साहेब, देऊळ, सगळं नाहीसं झालं. सासूबाईंचा तेवढा आवाज आला, “माजे उडदाचे पापड गं!”

राख खाली बसली तेव्हा साहेबांचा शर्ट पांढरा राहिला नव्हता. माझ्या गाडीचं नाक खाचरात आणि शेपूट रस्त्यावर होतं. म्हणजे बसचीही वाट बंद!

“ही गाडी कुणाची?”

“माझी,” मी म्हटलं.

“तुम्ही इथेच राहता ना?”

पुढे आले ते आप्पा. नवं धोतर राखेनं काळं झालेलं, पण ताठ उभे राहिले.

“साहेब, आता खोटं नको. ह्यातलं कुनी हितं ऱ्हात नाय. आमी म्हातारीच तेवढी हाव. पोरं लांब गेली, सनावाराला येतात न्‌ जातात. तुमी गाडी नाय दिली तर मीबी जानार.”

“येतात आणि जातात?” साहेबांनी विचारलं.

“हां. दर रविवारी कुनीतरी.”

“आणि बस असली तर?”

“मी महिन्यातून दोनदा येईन!” प्रशांत विहिरीवरून ओरडला. “त्या घाटात गाडी चढवताना माझा जीव जातो!”

“मी माहेरीपण जाईन!” वहिनी म्हणाली.

साहेब हसायलाच लागले. राखेत त्यांचे दात तेवढे चमकले. “अहो, मग हेच सांगायचं ना! राहणाऱ्या माणसांचं मी काय करू? मला जाणारी-येणारी माणसं पाहिजेत!”

मग गोठ्यातून, पेंढ्यामागून एकेक गाडी बाहेर आली. पण ओढायला जोर बसचाच लागला. दोर बांधून बसनं माझी गाडी वर काढली, मागून सगळी जाणारी-येणारी लोकसंख्या ढकलत होती, आणि साहेबही!

गाडी मी माहेरी शिळफाट्याला लहानपणापासून ओळखीच्या सलीमभाईंच्या गॅरेजात टाकली. बोनेट उघडून त्यांनी आतली राख चिमटीत घेतली. म्हणाले, “ताई, ही राख ठेवून द्या. वर्षभर दात घासा.” ती गाडी अजून तिथेच आहे. सलीमभाईंना त्यातून अधूनमधून पापडाचे तुकडे मिळतात.

पावसाच्या आधी बस सुरू झाली. परवा तर आप्पा तिच्यातून शेलूला जेवायला आले. गॅलरीत गेले, डोंगर बघितला, आणि जेवण होताच पायात वहाणा घालून तयार. मी म्हटलं, “आप्पा, राहा की आजचा दिवस.”

“नको गं बाय. यष्टी चुकंल.” आणि इतके खुशीत हसले, की मला रडूच आलं.

गाडी नसल्यामुळे मीही आता बसनंच जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा कंडक्टर म्हणाला, “बोला बाई, कुठे?”

“उंबरटेप.”

“उंबरटेपला दोन थांबे आहेत. देऊळ आणि बाईंची घसरगुंडी.”

मी वळून पाहिलं. मागच्या बाकांवरची म्हातारी माणसं खिडकीबाहेर बघत गालातल्या गालात हसत होती. दर इयत्तेला गावं, नद्या, डोंगर यांची नावं पाठ करून घेणारी मी; नकाशावर माझ्याच नावाची भर पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. देवळापासून घर लांब पडतं आणि दुसरा थांबा अगदी दारात आहे. मी पदर सावरला आणि हळूच म्हटलं, “घसरगुंडी. एक.”