पाच घरचं कापड

जुना शर्ट हातात आला की बहुतेक बायका आधी डाग शोधतात. मी आधी तो कुणाचा असेल ते शोधते. शेतात जाणाऱ्याचा असेल तर पाठ उन्हानं विरलेली असते, पुढची बाजू त्या मानानं बरी निघते. खुर्चीवर बसून नोकरी करणाऱ्याची पाठ बरी असते, पण कॉलर आणि कोपरं गेलेली असतात. कापड उजेडासमोर धरायचं, अंगठ्यानं चोळून बघायचं आणि कुणाचं लक्ष नसेल तर वास घ्यायचा. टेरिकॉट असेल तर कितीही चकचकीत दिसो, बाजूला टाकायचं. उन्हाळ्यात ते अंगावर घालणं म्हणजे पोराला शिक्षा.

हे सगळं मी गेल्या आठ-नऊ वर्षांत शिकले. त्याआधी दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेल्या कपड्याची मला किळस यायची. नणंद तिच्या पोरांचे कपडे माझ्या पोरांना द्यायला लागली तेव्हा मी तिच्या तोंडावर नको म्हणाले होते आणि त्यावरून लासुर्ण्याच्या आमच्या घरात दोन दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नव्हतं. मी जुन्या कपड्यांच्या नादी लागले ती माझ्या धाकट्या बहिणीपायी.

तिला बारामतीत दिली आहे. तिची पहिली दोन बाळं राहिली नाहीत. एक पोटातच गेलं, दुसरं नवव्या दिवशी. तिसऱ्या वेळी, चैत्रात, मुलगी झाली. कोऱ्हाळ्याहून आई आली, बाळाकडं बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "हिच्या अंगाला नवं लावायचं न्हाय. पाच घरचं मागून आणायचं आन् त्याचं शिवायचं. दर चैताला एक. धा वर्सं."

आमच्याकडं ही रीत आहे. ज्या घरात मूल टिकत नाही, तिथल्या मुलाला मागून आणलेल्या कापडाचं घालतात. म्हणजे दैवाला वाटतं, हे कुणीतरी टाकून दिलेलं पोर आहे, याला काय न्यायचं, आणि ते पुढच्या दाराला जातं. शिवायचं मावशीनं नाहीतर आत्यानं. जन्म देणारीनं त्या सुईला हात लावायचा नाही, आणि कापड कुठल्या घरांतून आलं तेही तिला कळू द्यायचं नाही.

मी बी.ए. झालेली. आईला म्हणाले, "दैव एवढं बावळट असतं व्हय?"

आई म्हणाली, "तुजं पोर गेलंय का? मग गप बस."

मी गप बसले. माझे दोन्ही मुलगे अंगणात धिंगाणा घालत होते, त्यांच्याकडं बघून तर जास्तच गप बसले. आणि मशीनचं झाकण काढलं.

पहिल्या वर्षी गावातल्याच पाच दारांत उभी राहिले. कुणासाठी ते सांगायचं नाही, त्यामुळं फजिती फार झाली. समोरच्या आजी म्हणाल्या, "इरजण मागाया येतीस ती ठीक हाय, आता चिंद्या बी मागतीस?" लोकांना वाटलं मी पायपुसणी शिवते. तिसऱ्या वर्षी तर एकीनं दोन पायपुसणी शिवून दे म्हणून निरोपच धाडला. मग मी गाव सोडलं आणि बारामती धरली. तिथं एका महिला मंडळाची खोली आहे. लोक नको असलेले कपडे आणून ठेवतात, ज्याला हवेत तो घेऊन जातो. टेबलामागं बसणाऱ्या बाईंना मी पहिल्याच दिवशी विचारलं, "हे वेगवेगळ्या घरचं हाय ना?"

त्या म्हणाल्या, "ताई, सगळ्या बारामतीचं हाय. किती घरं पायजेत तुमाला?"

रीत पाळायला गेले आणि मला रंगांचं वेड लागलं, हे मान्य करायलाच हवं. हळदी रंगाचा उशीचा अभ्रा आणि त्याला निळ्या चौकटीच्या शर्टाची झालर, हा पहिला फ्रॉक. एका वर्षी पोपटी ओढणीचा घेर, पांढऱ्या धोतराचं अस्तर आणि कुणाच्या तरी लाल ठिपक्यांच्या ब्लाऊजच्या बाह्या. कलिंगडाची फोडच दिसत होती. शर्टाची बटणपट्टी मी तशीच ठेवते आणि फ्रॉकच्या पाठीवर आणते, काजं करायचा व्याप वाचतो. शर्टाचा खिसा मात्र पुढं लावते, पोरीला चिंचोके ठेवायला. इस्त्री करताना खिसा उघडू नये म्हणून त्याच्या तोंडाला एक कच्चा टाका घालते. तो घालणारीनं तोडायचा.

माझ्या घरात सगळे पुरुष. पँटी आणि बनियनं यांच्या पलीकडं माझ्या मशीनला काही काम नव्हतं. वर्षातले ते आठ-दहा दिवस, मार्चमधले, दुपारी ऊन मी म्हणत असताना पंखा बंद करून, कारण कापड उडतं, मी घामानं निथळत झालरीला चुण्या घालत बसायची. मला तेवढं सुख दुसऱ्या कशातच मिळालं नाही. नवरा म्हणायचा, "दुकान काड की." त्याला कुठं माहीत, हे विकायचं नव्हतंच.

पाडव्याच्या आसपास मी फ्रॉक घेऊन बारामतीला जायची. बहीण तो दोन्ही हातांनी घ्यायची, छातीशी धरायची. मग आठवडाभरानं फोटो यायचा. तुळशीपाशी उभी असलेली पोर, अंगात माझा फ्रॉक. फोन केला की बहीण सांगायची, "अक्का, अंगातनं काढत न्हाय बघ. धुवाया बी देत न्हाय." मी ते फोटो गावातल्या बायकांना दाखवायची नाही, दाखवायचे नव्हतेच, पण रात्री आडवी झाले की स्वतः बघायची. पोर वाढत होती. दर वर्षी घेर चार बोटं वाढवावा लागे. आणि हळूहळू, मी बी.ए. झालेली बाई, मला वाटायला लागलं की ती वाढते आहे त्यात माझ्या टाक्यांचाही हात आहे.

यंदा नववा शिवायचा होता. फेब्रुवारी संपता संपता मी मंडळाच्या खोलीत गेले. बाई म्हणाल्या, "बरं झालं आलात. लहान पोरींचा माल आलाय, कोरा करकरीत. तुमाला चिंद्याच लागत्यात म्हणा, पण बघा तरी."

टेबलावर कापडी पिशवी होती. मी वरचा फ्रॉक काढला. पहिल्यांदा मला काय वाटलं ते सांगते, म्हणजे माझा बावळटपणा कळेल. मला वाटलं, अरे, बारामतीत माझ्यासारखं शिवणारी आणखी कुणीतरी आहे. बटणपट्टी पाठीला घेतली आहे, बाईचं डोकं चालतं. मी तो बाईंना दाखवलासुद्धा. "हात चांगला हाय हिचा," म्हणाले.

मग लाल ठिपक्यांच्या बाह्या दिसल्या.

आठही होते. हळदी, पोपटी, गेल्या वर्षीचा डाळिंबी, सगळे. इस्त्रीची घडी माझीच, मोडलेली आणि पुन्हा घातलेली. कुठं डाग नाही, बगलेत घाम नाही, घेराला माती नाही. मी एकेक खिसा चाचपला. आठही खिशांचा कच्चा टाका जिथल्या तिथं होता.

पोर आठ वर्षं दैवासमोर उघडी फिरली, हाच विचार पहिला आला. राग त्याच्या मागून आला, आणि आला तो तळपायापासून. बाई विचारत होत्या, "बरं वाटंना का? पाणी देऊ?" त्यांना एवढंच माहीत होतं की सकाळी कुणीतरी स्कूटीवरून येऊन पिशवी ठेवून गेली. कपाट मोकळं करतेय म्हणाली. मी कापड कुठून आणते हे बहिणीला कळू द्यायचं नाही, ही रीत मी आठ वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळली होती. त्या रीतीनंच मला इथं आणून उभं केलं.

पिशवी घेतली आणि तडक तिच्या घरी गेले. तिनं दार उघडलं, "अक्का! आधी फोन तरी करायचा," म्हणत आत नेलं, कोकम सरबत केलं. मी पिशवी पायाशी ठेवली. तिनं बघितली नाही. मी तिला संधी द्यायची ठरवली होती. निदान मला तसं वाटत होतं. आता वाटतं, मला तिला खोटं बोलताना बघायचं होतं.

"गेल्या वर्षीचा डाळिंबी होतोय का गं अजून?"

"होतोय की," ती म्हणाली. "परवाच घातला व्हता. जरा आखूड झालाय, पण सोडत न्हाय."

किती सहज. सरबतात चमचा फिरवत. आठ वर्षं फोनवर असंच बोलत असणार ती, भाजी निवडत, केस विंचरत. मी पिशवी उचलली आणि सोफ्यावर उलटी केली.

तेवढ्यात पोरगी आतून आली. हाफ पँट, टी-शर्ट, गुडघ्याला खरचटलेलं, हातात सायकलची किल्ली. तिनं सोफ्याकडं बघितलं आणि आनंदानं ओरडली, "अय्या, फोटोचे फ्रॉक!"

ती म्हणाली, "मावशी, तू अजून शिवतेस? आई मला दोन मिनिटं घालायला लावायची, इतकं गरम व्हायचं!" आणि आई जा म्हणेपर्यंत ती जिना उतरून खाली गेलीसुद्धा.

बहिणीनं ग्लास खाली ठेवला. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, उलट तिचाच आवाज चढला. "तू दर चैताला तो फ्रॉक घिऊन दारात उभी राहायचीस. पोरीचा वाढदिवस असायचा, अक्का. आन् तू मला काय आणून द्यायचीस, सांगू? ही बी जायची व्हती, ह्ये आणून द्यायचीस. घडी घालून, इस्त्री करून."

"मग बोलायचं होतंस."

"कुणाला? आईला? तिनं मला घरात घेतलं नसतं. आन् तुला? तू इतकी खुशीत असायचीस. ह्या बाह्या कशा बसवल्या, तो घेर कसा जमला. मला तुजं मन मोडवंना."

"मन मोडवेना म्हणून फोटो काढलेस? आठ वर्षं?"

"व्हय."

"आणि टाकायचेच होते तर जाळायचेस. लोकांत कशाला दिलेस?"

"चांगलं शिवल्यात म्हणून," ती म्हणाली. "कुणीतरी घालंल म्हणून."

हे ऐकून मी जास्तच भडकले. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. ती दोन बाळं गेली तेव्हा तुझ्या उशाशी कोण बसलं होतं, हे मी बोलले, आणि ते बोलायला नको होतं. ती फक्त म्हणाली, "तूच बसली व्हतीस. म्हणून तर सांगवंना." तिचं म्हणणं मला कळत होतं. कळूनही मला ती नको झाली होती. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी चार शिव्या घातल्या असत्या आणि जेवायला बसले असते. पण जिच्यासाठी मी परक्यांच्या दारांत चिंध्या मागत फिरले, जिच्या पोरीचा वाढता घेर मी बोटांनी मोजला, तिनं मला एका फोटोपुरतं ठेवलं होतं. फ्रॉक तिनं उचलले नाहीत, मीही उचलले नाहीत. चप्पल घातली आणि निघाले.

खाली पोरगी सायकल चालवत होती. टणक पोर, उन्हानं रापलेली, तोंडात दोन नवे मोठे दात. आठ उन्हाळे तिनं दुकानातल्या नव्या कपड्यांत काढले आणि तिला काहीही झालं नव्हतं. दैव कधी त्या जिन्यापर्यंत आलंच नव्हतं, किंवा आलं असेल आणि तसंच परत गेलं असेल, माझ्या पाच घरांना न विचारता. मला हलकं वाटायला हवं होतं. कुठल्याही मावशीला वाटलं असतं.

"मावशी, इकडं बघ!" ती ओरडली. "हात सोडून!"

तिनं दोन्ही हात हँडलवरून काढले आणि बाजूला पसरले. पुढं खडीचा ढीग होता. मला तो दिसला, आणि माझ्या मनात स्पष्ट शब्दांत आलं, पडावी. जास्त नको, थोडंसं. पण पडावी.

ती पडली नाही. खडीच्या अलीकडं वळली, माझ्यापाशी येऊन थांबली आणि धापा टाकत म्हणाली, "भारी ना?"

मी भारी म्हणाले. तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले, तो मागं घेतला आणि स्टँडकडं चालायला लागले.