सात शनिवार आणि एक मंगळवार

इस्राएलमधल्या अश्दोद शहरात शनिवारी, यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, बस नसायची, दुकानं बंद असायची, आणि रस्ता इतका रिकामा की मी मुद्दाम मधोमध चालायचे. समुद्राकडून येणाऱ्या उजेडात समोरच्या इमारती पाण्यात उभ्या असल्यासारख्या हलायच्या. ती वर्षं आठवली की आधी तो रस्ताच दिसतो, आणि मी त्यावरून झोपेत असल्यासारखी चाललेली असते.

मी नगरची, ख्रिस्ती. ठाण्याहून तिकडे गेलेल्या एका बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, आजींना सांभाळायचे. नातवंडं मराठीला हिब्रूत उत्तर द्यायची, म्हणून त्यांना मराठी बोलणारी बाई हवी होती. शनिवारी दुपारी मला सुट्टी. आम्ही पाच भारतीय ख्रिस्ती बायका एका खोलीत जमायचो, गीतं म्हणायचो, प्रत्येकीने प्रार्थनेचा विषय सांगायचा, आणि मग सगळ्यांनी मिळून भात खायचा.

सात शनिवार आमचा एक विषय ठरलेला होता. नाशिककडची एक पोरगी जवळच एका म्हाताऱ्या आजोबांकडे कामाला होती. तिला सुट्टी देत नसत, आणि तिचा पासपोर्ट आजोबांच्या लेकीने कपाटात ठेवून घेतला होता. गावी तिची आई शेवटच्या आजारात होती. तिला आईला एकदा बघायचं होतं, एवढंच. जाता जाता मी तिच्या बाल्कनीखाली थांबायचे. ती वरून हात हलवायची, मीही हलवायचे, आणि पुढे जाऊन तिच्यासाठी इतकी मनापासून प्रार्थना करायचे की डोळ्यांत पाणी यायचं. रडून झालं की फार हलकं वाटायचं. आता त्या हलकेपणाची लाज वाटते.

तेल अविवला परदेशी कामगारांचं गाऱ्हाणं ऐकणारं एक ऑफिस आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण आमची सुट्टी आणि ऑफिसची सुट्टी एकाच दिवशी. मधल्या वारी ती गेली तर आजोबांपाशी बसणार कोण? जी बसेल तिने आपल्या घरी रजा मागायची, आणि नसत्या भानगडीत पडली म्हणून तिला काढलं तर व्हिसाही गेला. माझी दोन पोरं नगरला शिकत होती. त्यापेक्षा देवावर सोपवणं बरं होतं.

सातव्या शनिवारी परतले तेव्हा आजींनी विचारलं, त्या पोरीचं काय झालं. मी म्हटलं, आम्ही प्रार्थना करतोय.

"पोरी, देवाला तिचं घर ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तुला पण ठाऊक आहे ना?"

मंगळवारी माझ्यापाशी नातीला बोलावते, तू तिच्या जागी जाऊन बस, असंही म्हणाल्या. एका यहुदी बाईने मला माझ्याच धर्मात नापास करावं, हे चांगलंच झोंबलं. पण मंगळवारी गेले.

ती पोरगी सकाळच्या बसने तेल अविवला गेली आणि मी तिच्या खुर्चीत बसले. पडदा वाऱ्याने फुगत होता, लांबून बंदरातल्या बोटीचा भोंगा ऐकू येत होता. आजोबा अर्धवट झोपेत माझा हात धरून तिच्या नावाने हाक मारायचे, आणि मी ओ द्यायचे. असे चार तास गेले.

दुपारी लेक कामावरून आली. मी कोण, ती कुठे, असं विचारू लागली. मोडक्या हिब्रूत सांगितलं, ती ऑफिसात गेलीय, येईपर्यंत मी आहे. लेक ओरडली. तिलाही भीतीच होती, ही गेली तर बापाला कोण बघणार. मी म्हटलं, आम्ही पाळीपाळीने बसू. चौघींना न विचारताच मी त्यांचा शब्द देऊन टाकला. तेवढ्यात तेल अविवच्या ऑफिसातून वकिलाचा लेकीला फोन आला. फोन ठेवून तिने कपाट उघडलं आणि पासपोर्ट माझ्या हातात दिला.

गुरुवारी पोरगी विमानात बसली. आम्ही पाचही जणी पाळीपाळीने बसलो. कुणालाच कामावरून काढलं नाही.

रविवारी तिचा फोन आला. आई बुधवारीच गेली होती. मी एक आठवडा आधी त्या खुर्चीत बसले असते तर भेट झाली असती. ती मात्र माझे उपकार मानत होती. सवयीने म्हणणार होते की तुझ्यासाठी प्रार्थना करते, पण ते म्हटलं नाही.

"मला माफ कर," मी म्हटलं.

"कशाबद्दल, ताई?" तिने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.