ओव्हनमध्ये ठेवलेलं दिवज

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या खेपेला एकीने हसताना स्वतःच्या साडीवर सांडला आणि दोष मला दिला. आज जे सांगणार आहे तो घोळ दुसऱ्या कुणी घातला असता ना, तर मीच गावभर सांगत फिरले असते. पण घातला मी! मग कुणाला सांगू?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी दिवज म्हणजे काय ते सांगते. पितळेचा, हातात धरायला दांडा असलेला, पाच वातींचा दिवा. आमच्या देवीच्या उत्सवात दिवेलागणीला गावातल्या सुवासिनी पेटलेलं दिवज हातात घेऊन देवळाभोवती फिरतात. पुढे ढोल-ताशा, मागे रांगेने नुसत्या ज्योती. लांबून पाहिलं तर वाटतं, नदीच वाट चुकून देवळाकडे वळली आहे आणि तिच्यावर चांदणं हलतंय.

आणि लग्न होऊन आलेल्या सुनेचं पहिलं दिवज म्हणजे तर काय विचारता! नऊवारी, केसांत अबोलीचा वळेसर, आणि सगळ्या गावाचे डोळे तिच्या हातावर.

यंदा ते आमच्या सायलीचं होतं. सायली माझी सून. माहेर बेळगावकडचं, नोकरी इथल्या तुये गावच्या फॅक्टरीत. मुलगा माझा बोटीवर, तो आता चार महिन्यांनी येणार. म्हणजे नवरा नाही, माहेरचं कुणी नाही, आणि दिवज तिने जन्मात कधी धरलेलं नाही. बिचारी आठवडाभर अंगणात पाण्याने भरलेली वाटी तळहातावर घेऊन फेऱ्या मारत होती.

"आई, सांडलं तर काय ओ?"

"काही नाही गो. देवी काय मास्तरीण आहे, गुण कापायला?"

असं मी म्हणायची, पण तिचा जीव टांगणीला लागलाय हे मला दिसत होतं. ज्या सुनेच्या हातात घराण्याचं दिवज येतं ती त्या दिवशी खरी गावाची होते, असं आमच्याकडे मानतात. माझ्या सासूचं दिवज मी धरलं, माझं आता ती धरणार. उत्सवाच्या सकाळी कामाला निघताना ती आपल्या बेळगावी बोलीत म्हणाली, "मी चारपर्यंत येतो ओ आई. तेवढं दिवज चकाचक करून ठेवाल न्हवं?"

"तू निर्धास्त जा," मी म्हटलं.

बोलताना माणसाने दोनदा विचार करावा. मी एकदाही केला नाही.

दिवज वर्षभर फडताळात होतं. बाहेर काढलं तर तेलाचा काळा, चिवट कीट! नखाने निघेना. चिंच लावली, राख लावली, नारळाच्या काथ्याने घासलं. मनगट दुखायला लागलं, आणि दिवज होतं तसंच माझ्याकडे बघत राहिलं.

तेव्हा माझी नजर ओव्हनवर गेली.

हा ओव्हन मुलाने नव्या स्वयंपाकघरात भिंतीत बसवून घेतला, कारण सायली केक सुरेख करते. विजेवर चालतो, आणि त्याची गंमत अशी की तो स्वतःला स्वतःच साफ करतो. बटण दाबलं की दार आपोआप कुलूपबंद होतं, आतली उष्णता इतकी चढते की भिंतींवरचं तेल-तूप जळून राख होतं. मग गार झाल्यावर ओल्या फडक्याने राख पुसायची. झालं!

हे मला कसं ठाऊक? अहो, त्याच्याबरोबर आलेलं पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. मॅट्रिकनंतर मी कुठलंच पुस्तक इतक्या मन लावून वाचलं नसेल. 'तेल जळून राख होते' या ओळीपाशी तर मी थांबलेच. इतकी वर्षं भांडी घासली हो मी! आणि कुणीतरी दूरदेशी बसून बायकांसाठी अशी गोष्ट केली. डोळ्यांसमोर सगळी काळी कढई-भांडी पांढऱ्या राखेची फुलपाखरं होऊन उडताना दिसायला लागली.

तुमच्या लक्षात आलंच असेल. आलं ना?

पुस्तकात सगळं लिहिलं होतं. जाळ्या आणि ट्रे बाहेर काढावेत. मी काढले. सांडलेलं अन्न आधी पुसून घ्यावं. पुसलं. आत कुठलाही साबण किंवा फवारा मारू नये. नाही मारला. दाराच्या कडेची रबरी पट्टी घासू नये. तिला बोटसुद्धा लावलं नाही. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दोन्ही जनेलं उघडली. दाराला हात लावू नये, बाहेरूनही तापतं. समोर स्टूल ठेवून त्यावर पाटी ठेवली: 'हात लावू नये.' आणि शेवटी लिहिलं होतं, साफ करताना आत कुठलंही भांडं ठेवू नये.

या ओळीपाशी मी क्षणभर थबकले. खरंच थबकले हं! मग मनाशी म्हटलं, भांडी आगीने बिघडतात म्हणून लिहिलं असेल. पण दिवज? ज्याने जन्मभर डोक्यावर आग घेतली त्याला आगीचं कसलं भय? आणि दिवज आत ठेवून, हात जोडून, दोन वाजता बटण दाबलं.

कुलूप पडल्याचा आवाज आला, टक्.

मी पाटीचं स्टूल बाजूला सरकवून त्यावरच बसले. काचेतून आत बघत राहिले. थोड्या वेळाने वरची सळई हळूहळू लाल झाली. तो लाल उजेड पितळेवर उतरला, आणि काय सांगू, दिवज असं दिसायला लागलं जसं गाभाऱ्यात ठेवलंय. बाहेर दुपार पेंगत होती, माडांच्या झावळ्या हलत नव्हत्या. माझा डोळा कधी लागला कळलंच नाही. स्वप्नात मी एकोणीस वर्षांची होते, हातात दिवज होतं, आणि सासूबाई मागून म्हणत होत्या, "धूर फार होतोय गो."

धूर खराच होत होता!

वर्षभराचं तेल ते. दाराच्या वरच्या फटीतून निळसर धूर निघत होता आणि जनेलातून सरळ शेजारच्या शेवंतीकाकींच्या अंगणात चालला होता. पाच मिनिटांत काकी दारात.

"गे सुलू, काय जळता गे? फोर्नात पाव घातलंस?"

काकींच्या लेखी ओव्हन म्हणजे पाव भाजणाऱ्या पोदेराचा फोर्न, भट्टी. त्या आत आल्या, आणि काचेसमोर थांबल्या. त्यांचा हात आपसूक कपाळाकडे गेला.

"गे बाये! तेल नाय, वात नाय, दिवज पेटलां!"

"काकी, ते पेटलं नाही, ते…"

"गप! बोलू नको. देवी आयल्या."

तेवढ्यात सळई काळी झाली. उष्णता पुरेशी झाली की ती मधूनमधून बंद होते, पुस्तकात लिहिलंय. काकींचा चेहरा उतरला. त्यांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं. दोन मिनिटांत सळई परत लाल! झालं. काकी गर्कन वळल्या आणि पायांत चप्पल न घालता निघाल्या.

आता तुम्ही म्हणाल, तू तेव्हाच का नाही ओरडून सांगितलंस? सांगणारच होते हो. पण 'घासायचा कंटाळा आला म्हणून देवीचं दिवज भट्टीत टाकलं' हे वाक्य तोंडातून निघायला जड. मी मनात ते जरा सोपं करत होते. ते सोपं होईपर्यंत स्वयंपाकघरात सहा बायका होत्या.

एकीने जास्वंद आणली, एकीने नारळ. एकीने तर हळदकुंकवाचा पंचपाळा काढला आणि ओव्हनच्या दाराला बोट लावायला निघाली.

"हात लावू नका! तापलंय!" मी ओरडले.

"तापलां म्हणता गे," काकी बाकीच्यांना म्हणाल्या, आणि सगळ्या एक पाऊल मागे होऊन अधिकच भक्तीने बघायला लागल्या.

सळई लाल झाली की "आयली, आयली!" बंद झाली की "रुसली गे." मी कोपऱ्यात उभी. खोटं एक अक्षर बोलले नाही, पण खरंही बोलले नाही. आमचे हे, सगळं आयुष्य फेरीबोटीवर काढलेला माणूस, दारात येऊन बघून गेले आणि माझ्या कानात म्हणाले, "अगो, बोट फार लांब जायच्या आधी दोर ओढ."

दोर ओढायच्या आधी सायली आली.

चार वाजता. खांद्याला पर्स, हातात अबोलीची पुडी. तिने सहा पाठमोऱ्या बायका बघितल्या, ओव्हन बघितला, मला बघितलं.

"आई, हे काय चाललंय ओ?"

काकींनी तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. "भाग्याची गे तू! तुझां दिवज देवीन आपणच पेटवलां. आज सगळ्यांच्या फुडे तू चलूची. मी देवळात सांगून येतंय."

सायलीचा चेहरा पांढराफटक पडला. आठवडाभर वाटी घेऊन फिरलेली पोर ती. रांगेत मधे कुठेतरी, कुणाला न दिसता पार पडावं एवढीच तिची इच्छा. आणि आता सगळ्यांच्या पुढे, तेही खोट्या चमत्काराचं दिवज घेऊन? तिचे डोळे भरले आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझी जीभ एकदम सुटली.

"काकी, थांबा! देवी नाही आली. मीच ते आत टाकलं. कीट निघेना म्हणून. हा ओव्हन स्वतःला साफ करतो, मला वाटलं दिवजालाही करील. आणि बटण दाबून मी इथेच झोपले!"

काकींनी एकदा काचेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"म्हणजे," काकी सावकाश म्हणाल्या, "मी अर्धो घंटो भांडी घासूच्या यंत्राक नमस्कार करतंय?"

"भांडी घासायचं नाही ओ काकी," सायली म्हणाली, "केकचं."

आधी एक हसली, मग दुसरी, मग काकी पदर तोंडात कोंबून खालीच बसल्या. नारळ ज्यांनी आणला होता त्यांनी परत घेतला.

पण हसण्याने दार थोडंच उघडणार? सायलीने पुढे होऊन बटणाने साफसफाई बंद केली. सळई विझली, पण कुलपाचं लाल चिन्ह तसंच.

"आतलं निवल्याशिवाय उघडणार न्हाई ओ. दीड-दोन तास."

"दोन तास! सहाला निघायचंय!"

आमचे हे कोयता घेऊन आले. "दार काढतो."

"बाबा, नका की ओ! काच तडकली तर सगळ्यांच्या अंगावर येईल. गरम असताना जोर लावायचा न्हाई." आणि तिने सासऱ्याच्या हातातून कोयता काढून घेतला. पहिल्यांदाच तिचा आवाज असा ऐकला. फॅक्टरीत ती अशीच बोलत असावी.

मग आम्ही बसलो. सगळ्याजणी, ओव्हनसमोर, जमिनीवर. काकींनी सायलीच्या केसांत वळेसर माळला, दुसरीने नऊवारीचा काष्टा घातला. जुन्या गोष्टी निघाल्या, कुणाचं दिवज कुठल्या वर्षी वाऱ्याने विझलं, कुणाच्या पदराला ठिणगी लागली. जनेलातून ऊन पिवळं होत होत जमिनीवर लांब झालं. यंत्राचा पंखा घुं-घुं करत होता, आणि कुणी कुणाला घाई करत नव्हतं. मला वाटलं, हीच वेळ थोडी लांबली तरी चालेल. नको ते मनात येतं बघा!

सहाला पाच कमी, आणि टक्!

सायलीने जाड हातमोजे घालून दिवज बाहेर काढलं. कीट खरंच राख झाला होता, फुंकर मारली तर उडाला. पण पितळ? पितळेचा पिवळा रंगच गेला होता! काळपट, तांबूस, जळक्या गुळासारखं. गोरी नवरी आत पाठवली आणि कोळशाची खाण बाहेर आली.

मला रडू फुटलं. "सायली, माझ्यामुळे… तू काकींचं दुसरं दिवज घे हो."

तिने ते निवू दिलं, ओल्या फडक्याने पुसलं, हातात धरून बघितलं. "हेच घेतो. तुम्ही धरलेलं हेच न्हवं?"

देवळापाशी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बाकी सगळ्यांची दिवजं सोन्यासारखी चमकत होती. सायली रांगेत मधे उभी राहिली, वाती पेटल्या, ढोल वाजला. आणि अंधार जसा दाटला तसं तिचं काळं दिवज दिसेनासंच झालं! तळहातावर नुसत्या पाच ज्योती, कशाचाही आधार नाही, हवेत तरंगत चालल्यात. एक थेंब तेल सांडलं नाही. बघणारे बोट दाखवायला लागले. मी तेलाची बाटली घेऊन मागून चालत होते आणि डोळे पुसत होते.

फेरी संपल्यावर देवळातल्या एक जाणत्या बाई सायलीपाशी आल्या. दिवज वळवून वळवून बघितलं.

"असलां दिवज मी कधी बघूक नाय. कोणी गे घासलां?"

सायलीने माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीमागे लपायला बघत होते.

"आमच्या आईंनी," ती ठणठणीत आवाजात म्हणाली. "झोपेत!"